मुलांच्या जुन्या खासगी प्राथमिक शाळेचा इतिहास कसा लिहावा

शाळेची शताब्दी किंवा अमृतमहोत्सव जवळ आला की समिती नेमली जाते, स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा होऊ लागतात आणि ‘शाळेचा इतिहास’ हा मजकूर एखाद्या निवृत्त शिक्षकांकडे सोपवला जातो. त्यांच्या हाती मागच्या स्मरणिकेतली चार पाने, संस्थापकांची एक तसबीर आणि माजी मुख्याध्यापकांची यादी एवढेच पडते. त्यातून जो लेख तयार होतो, त्यात संस्थापकांचा त्याग असतो, इमारतीच्या उद्‌घाटनाची तारीख असते आणि नामवंत विद्यार्थ्यांची नावे असतात. मात्र त्या शाळेत नेमके काय शिकवले जात होते, कोणाची मुले येत होती आणि ती केव्हा व का शाळा सोडून जात होती, याविषयी त्यात अक्षर नसते. हे सारे शाळेच्याच कपाटात बहुतेक वेळा लिहून ठेवलेले असते. ते कसे शोधावे, कसे वाचावे आणि त्यातून विश्वासार्ह इतिहास कसा उभा करावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे. ते प्रामुख्याने महाराष्ट्रातील, आणि त्यातही पुण्यामुंबईकडच्या, मुलांच्या खासगी मराठी शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

आधी शाळेचे स्थान निश्चित करावे

लेखनाला हात घालण्यापूर्वी आपली शाळा खासगी कशी झाली आणि फक्त मुलांचीच का राहिली, या दोन गोष्टी समजून घ्याव्यात. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले. त्यानंतरच्या काळात पुण्यात एतद्देशीयांनी स्वतःच्या बळावर शाळा काढल्या. १८६० मध्ये वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी ज्या संस्थेचा पाया घातला ती पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालय निघाले. यांतल्या प्रत्येकीचा हेतू, पैशाचा मार्ग आणि सरकारशी असलेले नाते वेगवेगळे होते. म्हणून ‘राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने प्रेरित होऊन’ हे एकच वाक्य सर्व शाळांना लावणे म्हणजे त्यांचा इतिहास पुसून टाकणे होय.

प्राथमिक शाळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे सोपवण्याची शिफारस केली, तर माध्यमिक शिक्षणात खासगी प्रयत्नांना वाव द्यावा असे सुचवले. त्यामुळे पुढच्या काळात जिथे खासगी प्राथमिक शाळा टिकली, तिथे ती का टिकली याचे उत्तर शोधावेच लागते. ती एखाद्या हायस्कुलाला मुले पुरवण्यासाठी जोडलेली होती का? नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घालायचे नाही असे ठरवणाऱ्या घरांसाठी होती का? की त्या वस्तीत दुसरी शाळाच नव्हती? दर दशकात शाळेचा खर्च कोण चालवत होते, म्हणजे फी किती, देणग्या किती आणि अनुदान किती, याचा एक साधा तक्ता केला की बरीचशी उत्तरे आपोआप मिळतात.

केवळ मुलांची शाळा असण्याचाही इतिहास असतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८८४ मध्ये हुजूरपागेचा आरंभ झाला, तरी कितीतरी काळ नुसती शाळा म्हटली की ती मुलांचीच, हे गृहीतच होते. आपल्या शाळेच्या शीर्षपत्रावर, पाटीवर किंवा अर्जावर ‘मुलांची’ हा उल्लेख प्रथम कोणत्या वर्षी आला, ते पाहावे. बहुधा त्याच संस्थेची कन्याशाळा निघाली, त्या सुमारास तो सापडेल. रजिस्टरात त्याआधी एखाद्या मुलीचे नाव आढळले, तर ते अपवाद म्हणून बाजूला न सारता ती कोणाची मुलगी होती आणि किती इयत्ता शिकली, हे अवश्य नोंदवावे.

जनरल रजिस्टर हाच पाया

शाळेतील सर्व कागदांत जनरल रजिस्टरचे मोल सर्वाधिक आहे. हा दस्तऐवज कायम जतन करायचा असतो, त्यामुळे इमारत बदलली, व्यवस्थापन बदलले तरी तो सहसा टिकून राहतो. एका ओळीत एक मुलगा: रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, जात व पोटजात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेरा. रकाने काळानुसार थोडे बदलतात. आईच्या नावाचा रकाना तर फार उशिरा आला. आणि रकाने केव्हा बदलले, हेसुद्धा इतिहासाचेच साधन आहे.

एका नोंदीत किती सामर्थ्य असते, याचे उदाहरण साताऱ्याला आहे. शाळा सरकारी होती, खासगी नव्हे, पण रजिस्टरचे महत्त्व यातून कळावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला, आणि १९१४ या क्रमांकासमोर त्याची नोंद आहे. ते पान सांभाळले गेले, म्हणूनच २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शाळेच्या रजिस्टरात असे नाव असेलच असे नाही, परंतु प्रत्येक ओळ तितक्याच गांभीर्याने वाचावी, असे मला मनापासून वाटते.

सगळे रजिस्टर उतरवून घेणे शक्य नसते. तेव्हा दर दहा वर्षांतले एक वर्ष निवडावे आणि त्या वर्षीच्या सर्व प्रवेशांचा तक्ता संगणकावर भरावा. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असेल तर तो, नसेल तर पत्ता आणि जन्मस्थळ यांवरून मुले कोणत्या थरातून येत होती याचा अंदाज बांधता येतो. यानंतर ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना वाचायला घ्यावा. त्यासारखा बोलका रकाना दुसरा नाही. ‘वडिलांची बदली’, ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘गावी गेल्याने’, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’, ‘मयत’ असे दोन-तीन शब्द तिथे असतात आणि ओळीमागून ओळ तेच कारण येऊ लागले की शाळेबाहेर काय घडत होते ते दिसू लागते. पुण्यातील शाळेत १८९७ च्या आसपास नावे एकदम कमी झालेली दिसली, तर प्लेगचा संदर्भ तपासावा; १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाचा. गिरणगावातील मुलांच्या शाळेचे १९८२ आणि १९८३ चे रजिस्टर तर स्वतंत्र टिपण करावे असेच असते, कारण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर कितीतरी गिरणी कामगारांनी बिऱ्हाडे गावी हलवली. अशा घरातल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर संप हा शब्द येत नाही, ‘गावी गेल्याने’ एवढेच येते. तो संबंध जोडण्याचे काम लेखकाचे आहे, मात्र आकडे खरोखरच तसे सांगत असतील तरच तो जोडावा.

रजिस्टर वाचताना काही ठिकाणी हमखास फसगत होते. जन्मतारीख १ जून असलेली मुले ओळीने आढळतील. ती त्यांची खरी जन्मतारीख नसून प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी वय बसवून घातलेली तारीख असते, त्यामुळे मुलांच्या वयावरून निष्कर्ष काढताना अशा नोंदी वेगळ्या काढाव्यात. जुन्या पद्धतीत साधारणपणे मराठी चार इयत्तांनंतर इंग्रजी सात इयत्ता असत, म्हणून ‘इंग्रजी तिसरी’ म्हणजे आजची सातवी समजावी. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखांसाठी ७९ मिळवावे लागतात. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत फसली सन असतो आणि त्याचा व इसवी सनाचा फरक सुमारे ५९० वर्षांचा आहे. वर्षारंभही वेगळा असल्याने तिथे महिना पाहिल्याशिवाय वर्ष पक्के करू नये. एकोणिसाव्या शतकातील नोंदी मोडी लिपीत असतील तर अंदाजाने वाचू नयेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांकडून मोडी वाचकांची मदत मिळू शकते, आणि मोडी येणारे ज्येष्ठ नागरिक अजूनही गावोगावी आहेत.

जातीचा रकाना हा सर्वांत अवघड भाग. अनेक स्मरणिका तो टाळतात. माझ्या मते तो टाळू नये, कारण मुलांची खासगी शाळा कोणासाठी उघडी होती आणि कोणासाठी नव्हती, हे त्याच रकान्यातून कळते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेल्याचे प्रकरण प्रसिद्ध आहे, आणि १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना खुल्या करण्याचा मुद्दा त्यात होता. आपल्या शाळेत या समाजांतील पहिला मुलगा कोणत्या वर्षी दाखल झाला, किती दिवस टिकला आणि त्यानंतरचा मुलगा किती वर्षांनी आला, हे आकड्यांत मांडावे. फक्त एक पथ्य पाळावे: जात, वर्तणूक किंवा गैरहजेरी यांच्यासोबत कोणत्याही खासगी व्यक्तीचे नाव छापू नये. शेकडा प्रमाण द्यावे, नावे शाळेच्या दप्तरातच राहू द्यावीत.

इतर कागद

रजिस्टरच्या जोडीला तपासणीचे शेरेबुक मिळाले तर ते सोन्यासारखे जपावे. डेप्युटी इन्स्पेक्टर शाळेत येत, वर्गावर जाऊन मुलांना प्रश्न विचारत आणि मग शेरा लिहीत. ‘तिसरीचे अंकगणित कच्चे’, ‘नकाशे नाहीत’, ‘पिण्याच्या पाण्याची सोय नाही’ अशा धर्तीच्या ओळी वार्षिक अहवालात कधी येत नाहीत. संस्थेच्या सभांचे इतिवृत्त, शिक्षकांची हजेरीपत्रके, पगारपत्रके आणि फीच्या पावत्यांची स्थळप्रत हे सर्व मिळेल तितके पाहावे. शाळेबाहेर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांच्या नेमणुकांचे चेंज रिपोर्ट असतात, नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेवरून जागा केव्हा आणि कोणाकडून आली ते कळते, आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे वार्षिक अहवाल पुराभिलेखागारात व जुन्या ग्रंथालयांत वाचायला मिळतात. पुण्यातील नदीकाठच्या पेठांमधल्या शाळांनी एक गोष्ट आधीच स्वीकारावी: १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात दप्तर गेले असेल, तर ती पोकळी लेखात स्पष्ट सांगावी आणि ऐकीव माहितीने भरून काढू नये.

कागद हाताळताना सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीही करू नये. कसर लागलेली पाने सुटी न करता जशी आहेत तशी सपाट ठेवावीत, खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न वापरता पानोपान छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक फाइलला रजिस्टर क्रमांक व पान क्रमांक देऊन ठेवावे. मूळ रजिस्टर मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय शाळेच्या आवाराबाहेर नेऊ नये.

उपक्रमांविषयी लिहिताना

शाळांच्या इतिहासातील सर्वांत निर्जीव पाने उपक्रमांची असतात. लेझीम, मल्लखांब, कवायत, सूर्यनमस्कार, हस्तकला, बालवीर पथक, सहल, स्नेहसंमेलन, वाचनालय, शिष्यवृत्ती वर्ग अशी यादी दिली जाते आणि ती वाचून कोणालाही काही कळत नाही. प्रत्येक उपक्रमाला चार प्रश्न विचारावेत. तो वेळापत्रकात होता की शाळा सुटल्यावर होत असे? सर्व मुलांसाठी होता की निवडक मुलांसाठी? त्याचे वेगळे पैसे घेतले जात का? आणि तो चालवणारे शिक्षक कोण होते व ते गेल्यावर त्याचे काय झाले? चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मल्लखांबाचा खांब आजही मैदानाच्या कोपऱ्यात उभा असतो, पण शिकवणारे सर निवृत्त झाल्यापासून त्यावर कोणी चढलेले नसते. अशा वेळी ‘शाळेत मल्लखांबाची परंपरा आहे’ हे वाक्य खरे नाही, आणि ती परंपरा कोणत्या वर्षापर्यंत होती एवढेच लिहिणे योग्य.

जुने वेळापत्रक सापडले तर ते जसेच्या तसे छापावे. एका वेळापत्रकातून जेवढे समजते तेवढे दहा भाषणांतून समजत नाही. पाढे म्हणून घेण्यासाठी रोज किती वेळ होता, त्यात पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे कोणत्या इयत्तेपर्यंत चालत, शुद्धलेखन आणि मोडी यांना आठवड्यात किती तास होते, हे त्यात दिसते. मोडी केव्हा बंद झाली तेही नोंदवावे. बहुतेक शाळांत ते १९५० च्या दशकात घडले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या, काळात सूतकताईसाठी टकळ्या आणि पेळू खरेदी केल्याची नोंद जमाखर्चात असेल, पण सूत किती निघाले याची नोंद आहे का तेही पाहावे. खरेदी आहे आणि सूत नाही, असे आढळल्यास तो उपक्रम कागदावरच राहिला असण्याची शक्यता मोठी. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाल्यावर पाठ्यपुस्तके राज्यभर एक झाली, तेव्हा त्याआधी आपल्या शाळेने कोणती पुस्तके निवडली होती आणि का, हाही शाळेच्या विचारांचा पुरावा ठरतो.

शिक्षेचा विषय उपक्रमांच्याच शेजारी यावा. अंगठे धरणे, उठाबशा, छडी हे मुलांच्या शाळेतील दैनंदिन वास्तव होते, आणि मुलगा आहे म्हणून त्याला सोसता आले पाहिजे, अशी समजूत त्यामागे होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. ‘सर कडक होते पण प्रेमळ होते’ या वाक्यावर हा विषय संपवू नये. कोणत्या चुकीसाठी कोणती शिक्षा होत असे आणि त्या भीतीने शाळा सोडलेली मुले होती का, हे विचारावे.

माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी

आठवणी गोळा करताना ‘शाळेविषयी दोन शब्द सांगा’ असे म्हटले की माणूस भाषण करू लागतो. त्याऐवजी ठोस विचारावे. तुम्ही वर्गात कुठे बसत होता, आणि ती जागा कोणी ठरवली होती? पाणी कुठून प्यायचात? मधल्या सुट्टीत डब्यात काय असे, आणि डबा न आणणारी मुले त्या वेळी कुठे जात? पुण्याच्या जुन्या शाळांत वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकणारी मुले असत. १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजेच आजचे पुणे विद्यार्थी गृह, हे अशाच मुलांच्या गरजेतून उभे राहिले. अशा मुलांच्या घरच्यांशी बोलताना त्यांचा मान राखून, त्यांना सांगायचे असेल तेवढेच घ्यावे.

नामवंतांच्या मुलाखती समिती स्वतःहून घेईलच. आपण चौथीनंतर शाळा सुटलेल्या, वडिलांच्या दुकानात किंवा शेतावर गेलेल्या एखाद्या तरी माजी विद्यार्थ्याला शोधावे. शाळेतील शिपाईमामांशी बोलल्याशिवाय तर काम पूर्ण झाले असे मानूच नये, कारण वर्गांची अदलाबदल, बंद पडलेल्या खोल्या आणि पुरानंतर वाळत घातलेले कागद हे त्यांनाच ठाऊक असते. प्रत्येक आठवण रजिस्टर, इतिवृत्त किंवा दुसऱ्या एका व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, आणि पडताळता आली नाही तर ‘अमुक यांच्या आठवणीनुसार’ असे म्हणून द्यावी. नाव देण्यापूर्वी संमती घ्यावी.

लेखन आणि जतन

मजकूर लिहिताना कालखंड मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीनुसार पाडू नयेत. शाळेच्या आयुष्यात खरे बदल अनुदान मिळाल्याने, इयत्ता वाढल्याने, जागा बदलल्याने, माध्यम किंवा अभ्यासक्रम बदलल्याने झालेले असतात. ते टप्पे धरावेत. संस्थेतील मतभेद झाकू नयेत. टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, हे लिहिल्याने त्या संस्थेची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही. उलट आजीव सभासदांच्या वेतनाविषयी आणि बाहेरच्या कामाविषयी काय वाद होता, हे वाचूनच त्या शिक्षकांनी स्वतःला किती कठोर नियम घालून घेतले होते ते कळते. हयात व्यक्तींच्या वादात मात्र फक्त लेखी ठराव आणि न्यायालयीन निकाल यांवर विसंबावे.

संस्थापकांना दोन पानांपेक्षा जास्त जागा देऊ नये, असा मी आग्रह धरतो. त्यांच्याविषयीचा आदर कमी आहे म्हणून नव्हे, तर त्यांनी ज्यांच्यासाठी शाळा काढली त्या मुलांना उरलेली पाने मिळावीत म्हणून. शिक्षकांना मात्र भरपूर जागा द्यावी, विशेषतः अनुदान येण्यापूर्वी सहा-सहा महिने अर्ध्या पगारावर काम केलेल्यांना. पगारपत्रक हाती असेल तर त्या रकमा त्या काळच्या फीच्या शेजारी छापाव्यात.

पुस्तक छापून झाल्यावर काढलेली सर्व छायाचित्रे, तक्ते आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण यांच्या दोन प्रती कराव्यात. एक शाळेत मुख्याध्यापकांच्या ताब्यात, कार्यभार हस्तांतराच्या यादीत नोंदवून ठेवावी, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी ती हरवणार नाही. दुसरी गावातील सार्वजनिक वाचनालयात किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्यावी, मात्र तिच्यातून व्यक्तींच्या जाती व जन्मतारखा असलेली पाने वगळावीत. ज्या वर्षांची रजिस्टरे मिळाली नाहीत, जे शेरे वाचता आले नाहीत आणि ज्या आठवणी पडताळायच्या राहिल्या, त्यांची यादी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर द्यावी आणि तिच्याखाली शाळेचा पत्ता छापावा, म्हणजे एखाद्या घरातल्या ट्रंकेत जुने प्रगतिपुस्तक किंवा वर्गाचा गटफोटो सापडला तर तो कुठे पाठवायचा हे वाचणाऱ्याला कळेल.